तुटले तिथे जोडू नये

गाडीच्या दरवाजाला बाहेरच्या अंगाने लावलेला आरसा मागचे दाखवण्यासाठी असतो. पण तो स्वतः बिघडला की बिघाड बहुधा त्याच्याच पाठीमागे असतो, म्हणजे काचेच्या आड, दरवाजाच्या पोकळीत किंवा दरवाजा आणि गाडीचे अंग यांच्यामधल्या सांध्यात, जिथवर त्या आरशाची नजर कधीच पोहोचत नाही. गॅरेजच्या बोलीत ज्याला 'साइड मिरर' म्हणतात तो एके काळी काच, काचेला धरणारी वाटी आणि ती वाटी दरवाजाला जखडणारा सांधा एवढ्या तीन गोष्टींचा होता. हलला तर हाताने सरळ करावा आणि फुटला तर काच बदलावी, याहून त्याच्या दुरुस्तीचे शास्त्र मोठे नव्हते. आज त्याच वाटीत दोन-तीन मोटरी, वळणाचा दिवा, काही गाड्यांत काच तापवणारी पट्टी आणि या सर्वांना वीज पोहोचवणारा तारांचा जुडगा दाटीवाटीने बसलेला असतो, त्यामुळे काच स्वच्छ व अखंड असूनही आरसा निरुपयोगी होऊन बसणे ही पूर्वी नसलेली अवस्था निर्माण झाली आहे. अंगणात किंवा सोसायटीच्या वाहनतळावर, साध्या हत्यारांनी, ही अवस्था दुरुस्त करता येते काय, या प्रश्नाचे उत्तर हाताच्या कौशल्यापेक्षा दोष कोणत्या क्रमाने शोधला जातो यावर अधिक अवलंबून असते.

चालत्या वाहनातून मागे पाहण्याची गरज मोटारयुगाच्या आरंभीच जाणवली होती. ब्रिटिश शर्यतपटू डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द वुमन अँड द कार' या पुस्तकात गाडी चालवणाऱ्या स्त्रियांना जवळ एक लहान हातआरसा बाळगण्याचा आणि रहदारीत तो मधूनमधून उंच धरून मागचे पाहण्याचा सल्ला दिला होता. पुढे ३० मे १९११ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे झालेल्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत इतर चालकांनी मागे लक्ष ठेवण्यासाठी सोबत एकेक मेकॅनिक बसवला असताना रे हॅरून हे एकटेच गाडीत बसले, सोबत्याऐवजी त्यांनी समोर आरसा लावला आणि शर्यत जिंकली. मात्र विटांनी बांधलेल्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यातून फारसे काही दिसले नाही, असे पुढे त्यांच्याच तोंडून सांगितले गेले. म्हणजे या वस्तूचे पहिले वैर काळोखाशी किंवा धुक्याशी नव्हते, ते हालचालीशी होते, आणि शतक उलटल्यावर आरशात वीज शिरली तरी हे वैर मिटलेले नाही.

भारतात बरीच वर्षे स्वस्त गाड्यांना केवळ चालकाच्या बाजूला आरसा येत असे आणि डावीकडचा आरसा हौसेची वस्तू मानली जाई. आता दोन्ही बाजूंचे आरसे गृहीत धरले जातात. ते कसे असावेत हे ठरवणारे मानक 'एआयएस-००१' या नावाने ओळखले जाते, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत प्रसिद्ध होणाऱ्या वाहनविषयक मानकमालेतील पहिलाच क्रमांक या आरशाला मिळालेला आहे. मालेचा आरंभ इंजिनाने किंवा ब्रेकने न होता मागे पाहण्याच्या काचेने व्हावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण वाटतो, कारण अरुंद गल्ल्यांतून दुचाक्या दोन्ही अंगांनी घुसत असताना गाडी चालवणाऱ्याला पुढच्याइतकीच मागचीही चिंता वाहावी लागते. आरसे बटणासरशी दुमडून घेण्याची सोयही अशाच रस्त्यांना अधिक उपकारक ठरली आहे.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी आरशाच्या पोटात काय असते हे पाहणे आवश्यक आहे. काच एका प्लास्टिकच्या पाठीवर चिकटवलेली असते आणि ती पाठ एका लहान यंत्रपेटीवर खटक्यांनी बसवलेली असते. या पेटीत दोन छोट्या मोटरी असतात, त्यांतली एक काचेला वर-खाली कलवते आणि दुसरी डावी-उजवी वळवते. एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या अशा मोटरीची धन आणि ऋण टोके अदलाबदल केली की ती उलट फिरू लागते, त्यामुळे चार दिशांसाठी चार मोटरी लागत नाहीत. बऱ्याच गाड्यांत तर दोन मोटरींसाठी तीनच तारा पुरतात, कारण दोघींची एक तार सामायिक असते आणि बटण त्या सामायिक तारेला कधी धन तर कधी ऋण करून दिशा ठरवते. आरसा दुमडण्यासाठी बुंध्यापाशी तिसरी मोटर असते, जी दातेरी चक्रांच्या साखळीतून संपूर्ण वाटी फिरवते आणि शेवटच्या अडणीला टेकल्यावर वाढलेला प्रवाह ओळखून किंवा मर्यादा-खटक्यामुळे थांबते. वळणाचा दिवा आता बहुधा एलईडीचा असतो, आणि ज्या गाड्यांत काच तापवण्याची सोय असते तिथे काचेच्या पाठीला रोधक पट्टी चिकटवलेली असते, म्हणजे अशी पट्टी की जी विजेला जाणीवपूर्वक अडवते आणि त्या अडवण्यातून ऊब निर्माण करते. या सगळ्यांच्या तारा एकत्र होऊन आरशाच्या पोकळ बुंध्यातून दरवाजात उतरतात, तिथे एका कपलरमध्ये, म्हणजे नर-मादी खोबण्यांच्या प्लास्टिकच्या जोडात, शिरतात, आणि पुढे दरवाजाच्या बिजागऱ्यांशेजारच्या रबरी नळीतून गाडीच्या अंगात जातात.

या रचनेचे सार असे की आरशाशी पोहोचेपर्यंत वीज तीन वेळा वाकते: दुमडणाऱ्या बुंध्यात, कलणाऱ्या काचेमागे आणि उघडझाप करणाऱ्या दरवाजापाशी. स्थिर जागी असलेली तार वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते. तिला दोष जडतो तो स्थिर आणि चल यांच्या सीमेवर. ही गोष्ट ध्यानात ठेवली की दोष शोधण्याचे काम निम्मे सोपे होते, कारण संपूर्ण तार संशयित राहत नाही, तिची वाकणेच तेवढी संशयित ठरतात.

लक्षणांचेही एक व्याकरण असते आणि ते वाचता आले तर पुष्कळदा पेचकस हाती घेण्यापूर्वीच दोषाचा पत्ता लागतो. दोन्ही बाजूंचे आरसे एकाच वेळी निश्चल झाले असतील तर दोघांच्या वाटा जिथून फुटतात त्या जागी, म्हणजे फ्यूजमध्ये किंवा बटणात, दोष असण्याचा संभव मोठा, कारण दोन वेगळ्या तारा एकाच दिवशी तुटणे दुर्मीळ असते. एकाच बाजूचा आरसा पूर्णपणे मूक झाला, वळणे नाही, दुमडणे नाही आणि दिवाही नाही, तर त्या बाजूचा कपलर किंवा दरवाजाच्या सांध्यातील जुडगा संशयास्पद ठरतो. त्यातच त्या दरवाजाची काच कधी चढते कधी अडते, किंवा मध्यवर्ती कुलूप लहरीप्रमाणे लागते, अशी तक्रार असेल तर सांध्याविषयीचा संशय जवळजवळ खात्रीत बदलतो. काच वर-खाली होते पण डावी-उजवी होत नाही, एवढेच घडत असेल तर त्या एका मोटरीचा किंवा तिच्या एकट्या तारेचा प्रश्न असतो. आणि बटण दाबल्यावर मोटरीची घरघर ऐकू येते, कटकट असा आवाज होतो, पण आरसा जागचा हलत नाही, तेव्हा वीज निर्दोष असून दातेरी चक्राचे दात झिजलेले किंवा तुटलेले असतात. अशा वेळी तारा तपासत बसणे म्हणजे दाढ दुखत असताना कानात तेल घालणे होय.

फ्यूज हा या व्याकरणातील सर्वांत गैरसमज झालेला शब्द आहे. फ्यूज म्हणजे जाणूनबुजून कमकुवत ठेवलेली धातूची पट्टी, जी ठरलेल्यापेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की स्वतः वितळते आणि तारांना जळण्यापासून वाचवते; ती जळणे हा दोष नसतो, दोषाची वार्ता असते. नवा फ्यूज लावला आणि तो टिकला तर ठीक, पण तोही जळला तर कुठेतरी धन तार उघडी पडून गाडीच्या लोखंडी अंगाला टेकते आहे, ज्याला मेकॅनिक 'शॉर्ट' म्हणतात, असे समजावे. अशा वेळी दहा अँपियरच्या जागी वीस अँपियरचा फ्यूज ठोकणे म्हणजे वार्ता आणणाऱ्याचे तोंड बांधून घराला आग लागू देणे होय, कारण मग वितळण्याचे काम फ्यूजऐवजी दरवाजातील तारेवर येते.

यानंतरचे काम मोजमापाचे असते. विजेचा दाब म्हणजे व्होल्ट, प्रवाह म्हणजे अँपियर आणि अडथळा म्हणजे ओहम, या तिघांचे नाते जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ च्या ग्रंथात मांडले. काच तापवणाऱ्या पट्टीचा अडथळा बारा ओहम असेल तर बारा व्होल्टच्या दाबाखाली तिच्यातून एक अँपियर प्रवाह वाहील आणि ती बारा वॉट ऊब देईल, हे त्या नात्याचे घरगुती उदाहरण. ही तिन्ही मापे एकाच पेटीत घेणारे उपकरण, म्हणजे मल्टीमीटर, ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये 'ॲव्होमीटर' या रूपाने बाजारात आले. निरनिराळी उपकरणे वागवण्याचा कंटाळा हे त्यामागचे कारण होते. आज त्याचा साधा डिजिटल वंशज कोणत्याही वीजसामानाच्या दुकानात मिळतो आणि घरगुती दुरुस्तीचा पाया त्याच्यावरच उभा असतो.

तथापि मीटर जेवढे विचारले तेवढेच सांगतो, आणि प्रश्न चुकीचा असेल तर त्याचे खरे उत्तरही दिशाभूल करते. पुष्कळ धाग्यांची तार तुटता तुटता तिचा एखादाच धागा शिल्लक राहिला, किंवा जोडावर गंज चढला, तरी मोटर सोडवून तिच्या कपलरवर मीटर लावला असता बारा व्होल्ट दिसतात, आणि तार शाबूत असल्याचा निष्कर्ष काढून चांगली मोटर बदलली जाते. याचे कारण असे की सर्वसाधारण डिजिटल मीटरचा स्वतःचा अडथळा सुमारे एक कोटी ओहम असतो, त्यामुळे तो तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. प्रवाहच नसेल तर अडथळ्यापाशी दाब खर्च होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तीच मोटर जोडली आणि तिचा अडथळा चोवीस ओहम व गंजलेल्या जोडाचाही चोवीस ओहम आहे असे मानले, तर बारापैकी सहा व्होल्ट वाटेतच संपतात आणि मोटर कण्हून थांबते. म्हणून मोजमाप मोटर जोडलेली आणि बटण दाबलेले असताना घ्यावे, हा या कामाचा एक अलिखित दंडक आहे. रस्त्याच्या कडेला बसणारा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन मीटरऐवजी एका तारेला सुई आणि दुसरीला चिमटा लावलेला टेस्ट लॅम्प वापरतो, त्यातही हेच शहाणपण दडलेले आहे, कारण दिवा पेटण्यासाठी खरा प्रवाह मागतो आणि दुबळी तार तो मिणमिणता ठेवून आपले सोंग उघडे पाडते.

या शहाणपणालाही काळाने मर्यादा घातली आहे. अनेक नव्या गाड्यांत बटणातून मोटरीकडे थेट वीज जात नाही. बटण एका नियंत्रक पेटीला केवळ संदेश देते आणि दरवाजातील दुसरी पेटी तो संदेश वाचून मोटर चालवते. एकाच जोडीच्या तारांवरून अनेक पेट्यांनी बोलण्याची 'कॅन' नावाची पद्धत बॉश या कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली, आणि तिच्या पुढच्या विस्तारात आरशासारखी लहान अंगेही सामील झाली. अशा संदेशवाहक तारेला टेस्ट लॅम्प लावणे धोक्याचे असते, कारण दिव्याने ओढलेला प्रवाह नाजूक परिपथाला झेपत नाही. तिथे मीटर आणि गाडीचा वायरिंग नकाशा यांचाच आधार घ्यावा लागतो. २०१८ मध्ये लेक्सस ईएस या गाडीच्या जपानी आवृत्तीत बाहेरच्या आरशांच्या जागी कॅमेरे आणि आत पडदे आले, तेव्हा तर 'आरसा' या शब्दातून काचच वजा झाली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो; वस्तू उघडता येणे आणि तिच्या आत काय आहे हे कळणे या आता गृहीत धरता येणाऱ्या गोष्टी राहिलेल्या नाहीत.

आरसा उघडण्याचा क्रमही विचार करण्याजोगा आहे, कारण नवखा माणूस प्रथम काच काढतो आणि जाणता माणूस ती सर्वांत शेवटी काढतो. आधी फ्यूज, मग बटण, मग दरवाजाच्या पुढच्या कोपऱ्यातील त्रिकोणी झाकणामागचा कपलर, मग सांध्यातील रबरी नळी आणि मग काच, असा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा मार्ग धरला असता पुष्कळदा काचेपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. दरवाजाचे आतले आवरण, ज्याला गॅरेजमध्ये 'डोअर पॅड' म्हणतात, ते हँडलच्या खोबणीत लपवलेल्या स्क्रूंनी आणि कडेच्या प्लास्टिक खटक्यांनी धरलेले असते. स्क्रू न शोधता ओढले तर पॅड तडकते, आणि त्यामागचा प्लास्टिकचा पडदा फाडला तर पुढच्या पावसाळ्यात दरवाजातले पाणी आसनाखाली येते. काही गाड्यांच्या दरवाजांत बाजूच्या एअरबॅगला टकरीची सूचना देणारे संवेदक असल्यामुळे बॅटरीचे ऋण टोक सोडवून काही मिनिटे थांबणे आणि मगच कपलर काढणे इष्ट असते. काच काढावी लागलीच तर हातमोजे घालून तिची एक कड आत दाबावी आणि दुसऱ्या कडेशी झालेल्या फटीतून खटके सोडवावेत. थंडीच्या सकाळी प्लास्टिक ठिसूळ असते, दुपारच्या उन्हात गाडी थोडी तापल्यावर तेच खटके नरम होऊन सुटतात.

कपलर उघडल्यावर त्याच्या पिनांवर हिरवट भुकटी दिसली तर दोषाचे मूळ पावसात असते. दरवाजाच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली की पाणी आत साचते, आणि तारेवरून ओघळत आलेला थेंब थेट कपलरात शिरतो. म्हणूनच कपलरापूर्वी तारेला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतो, अशी जुन्या जाणत्यांची रीत आहे. कोकणच्या किनाऱ्यावर ओलाव्याला मिठाची जोड मिळाल्याने पिनांवर ही भुकटी अधिक वेगाने चढते. पितळी आणि तांब्याची भांडी वापरणाऱ्या पिढ्यांनी या हिरवट थराला कळंक हे नाव दिले होते आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते हे त्यांना चवीने ठाऊक होते. कपलरच्या पिनांवर बहुधा कथलाचा मुलामा असतो, म्हणजे त्याही एका अर्थाने कल्हई केलेल्याच असतात, आणि मुलामा झिजल्यावर त्यांचे जे होते ते ताकाच्या भांड्याचेच होते; फरक एवढाच की भांड्यातला कळंक जिभेला कळतो आणि पिनेवरचा कळंक कोणाला न कळता विजेला अडवून धरतो.

तार जोडण्याच्या कलेतही हाच कथील पुन्हा भेटतो. जोडकामाच्या धातूला मराठीत झाळ म्हणतात आणि विजेच्या कामातील झाळ, म्हणजे बाजारातले सोल्डर, परंपरेने कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचे असते. एकटे कथील २३२ अंश सेल्सियसला आणि एकटे शिसे ३२७ अंशांना वितळते, परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केले की ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, हे दोघांच्या सोबतीचे फळ होय. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून धातू स्वच्छ करतो, पण तारेच्या जोडाला नवसागर किंवा आम्लयुक्त लेप वापरणे घातक असते, कारण त्याचा अंश धाग्यांत राहून तांबे खात राहतो. तिथे राळेचा लेप वापरावा लागतो. अशा जोडाला मराठीत डाग म्हणण्याचीही रीत आहे, आणि तोच शब्द कलंकासाठीही वापरला जातो, जसा कळंकही कलंकाच्याच कुळातला आहे. भाषेने एकाच शब्दात बिघाडाची खूण आणि दुरुस्तीची खूण दोन्ही ठेवल्या, त्या कदाचित दिसायला सारख्या म्हणून. पण तांब्यावर पडणारा एक डाग वीज तोडतो आणि दुसरा ती जोडतो, हे ओळखण्याची नजर दुरुस्ती करणाऱ्याला कमवावी लागते.

इतके सर्व झाल्यावरही दोष सापडला नाही तर तो बहुधा तिथे असतो जिथे वाचकाने आरंभीच संशय धरला असेल, म्हणजे दरवाजाच्या बिजागऱ्यांपाशी. दिवसातून दहा वेळा उघडणारा दरवाजा वर्षात साडेतीन हजारांहून अधिक वेळा त्याच तारांना त्याच जागी वाकवतो. तांबे मऊ असले तरी वारंवार वाकण्याने त्याच्यात सूक्ष्म भेगा पडत जातात, धागे एकेक करून तुटतात आणि बाहेरचे प्लास्टिक मात्र लवचीक असल्यामुळे अखंड राहते. डोळ्यांना अशी तार निरोगी दिसते. तिचे खरे रूप समजण्यासाठी एकाने बटण दाबून धरावे आणि दुसऱ्याने दरवाजा हळूहळू उघडत-मिटत न्यावा. एका विशिष्ट कोनात आरसा अचानक हलू लागला आणि पुढच्या कोनात पुन्हा थबकला की तुटलेली टोके आत एकमेकांना टेकत आणि सुटत आहेत, हे सिद्ध होते. घरच्या माणसाला गॅरेजवर जे एक वरदान मिळते ते इथे उपयोगी पडते: त्याच्याकडे वेळ असतो. गॅरेजला तासांचा हिशेब ठेवावा लागतो, म्हणून तिथे संपूर्ण आरसा, म्हणजे 'असेंब्ली', बदलण्याकडे कल राहतो. त्यात लबाडी असतेच असे नाही, पण ज्याची तार दरवाजाच्या सांध्यात तुटली आहे त्याला नवा आरसा घालूनही जुनेच दुखणे पुन्हा भोगावे लागते.

रबरी नळी खोबणीतून सोडवून मागे सरकवली की तुटलेली तार हाती लागते, आणि तिथेच हातून सर्वांत स्वाभाविक चूक होते. तुटलेली दोन टोके समोर दिसत असतात, ती सोलून पिळावीत, झाळावीत, वर चिकटपट्टी गुंडाळावी, एवढेच उरले आहे असे वाटते. आरसा त्या क्षणी चालूही होतो. पण झाळ वितळून तांब्याच्या धाग्यांत शोषली जाते आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. दरवाजा पुन्हा वाकवू लागला की ताठ भाग वाकत नाही, त्याच्या लगतचा मऊ भाग दुप्पट वाकतो, आणि काही महिन्यांत तार जोडाच्या काठाशी नव्याने तुटते. म्हणून वाकणाऱ्या जागी जोड देऊच नये, असा या कामाचा नियम आहे. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी तार इतकी मागे कापावी की सोलल्यावर आतले तांबे काळवंडलेले न दिसता लखलखीत दिसेल. मधल्या संपूर्ण वाकासाठी त्याच जाडीची पण अधिक बारीक धाग्यांची नवी तार घालावी. एक जोड दरवाजाच्या पोकळीत आणि दुसरा गाडीच्या अंगातील खांबाच्या आत, म्हणजे दोन्ही जोड स्थिर जागी यावेत. आणि अनेक तारा असतील तर सर्वांचे जोड एकाच रेषेत न घेता मागेपुढे ठेवावेत, नाहीतर त्यांची गाठ नळीत अडकते. उष्णतेने आवळणारी स्लीव्ह जोड देण्यापूर्वीच तारेत ओवून ठेवायची असते, आणि ती विसरल्यामुळे उत्तम जोड पुन्हा कापावा लागणे हा या कामातील सर्वांना एकदा तरी येणारा अनुभव आहे.

जुनी गोधडी दुरुस्त करणारी बाई हा नियम विजेची बाराखडी न शिकता पाळत आली आहे. फाटलेल्या कडा एकमेकींना ओढून ती टाके घालत नाही, कारण विरलेले कापड टाका धरत नाही. ती फाटीहून मोठे ठिगळ घेते आणि त्याच्या चारी कडा शाबूत कापडावर बसवते. तार जोडणाऱ्यालाही तुटलेल्या जागेपासून शाबूत जागेपर्यंत मागे जावे लागते, थोडे निरोगी तांबे गमवावे लागते आणि नव्या तारेला गरजेपेक्षा बोटभर लांबी जास्त द्यावी लागते, जेणेकरून दरवाजा पूर्ण उघडला तरी ती ताणली जाणार नाही. या बोटभर ढिलाईला मोजमापात स्थान नसते, मीटरवर ती दिसत नाही आणि पाहणाऱ्याला ती निष्काळजीपणाही वाटू शकते; पण दुरुस्ती किती वर्षे टिकेल हे जोडाच्या मजबुतीइतकेच तिच्यावरही ठरते.

शेवटी नळी पुन्हा खोबणीत बसते, पडदा चिकटवला जातो, पॅडचे खटके एकेक करून लागतात आणि बटण दाबताच काच मंद घरघरीसह आपल्या जागी येते. तिच्यात मागचा रस्ता, फाटकाजवळचे झाड, येणारी दुचाकी, सर्व काही दिसते. दुरुस्तीचे मात्र काहीच दिसत नाही, कारण जोड जिथे आहेत तिथवर कोणत्याही आरशाचा कोन जात नाही. दरवाजा पूर्वीसारखाच उघडतो आणि मिटतो, तारा पूर्वीच्याच जागी वाकतात, पण त्या जागी आता एकही जोड नाही, फक्त थोडी सैल सोडलेली अखंड तार आहे.